लॅक्रॉस : चेंडू दिसतो, पण जाळीत येत नाही. नजर आणि हाताचा मेळ कसा बसवायचा?

चेसापीक_काठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथे क्रिकेट, कबड्डी, मॅरेथॉन सगळ्यांवर धागे आहेत, लॅक्रॉसवर एकही सापडला नाही म्हणून काढतेय.

आम्ही मेरीलँडमध्ये राहतो. बॉल्टिमोरच्या आसपास लॅक्रॉसचं वेड आपल्याकडच्या गल्ली क्रिकेटसारखं आहे. मार्च उजाडला की निम्म्या पोरांच्या पाठीवर स्टिक. माझी लेक १३ वर्षांची आहे, सातवीत. संघात तिचं हे दुसरं वर्ष.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी: लांब दांड्याच्या टोकाला जाळीची छोटी टोपली असते. तिने चेंडू झेलायचा, धावताना तो पडू नये म्हणून स्टिक हलकेच झुलवत राहायची (याला क्रेडल म्हणतात), आणि त्याच टोपलीने फेकायचा. चेंडू भरीव रबराचा, साधारण १४५ ग्रॅमचा. क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा लहान आणि थोडा हलका, पण लागला की चांगलाच लागतो. गोल ६ फूट बाय ६ फूट, आणि त्याच्या मागेही मैदान असतं, तिथूनही खेळ चालतो.

लेक धावते छान. कुठे उभं राहायचं हेही तिला कळतं. पण पास सुटतात, विशेषतः उंच आलेले आणि डावीकडून आलेले. तिच्या प्रशिक्षकांचं म्हणणं की ती लक्ष देत नाही. मी प्रत्येक सामन्याला बाजूला उभी असते. पोरगी डोळ्यांत तेल घालून चेंडूकडे बघत असते हो. मागच्या शनिवारी गाडीत बसल्यावर रडली, "आई, मला दिसतो तो, पण मी स्टिक नेते तिथे तो नसतो."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. घरी करता येतील असे व्यायाम आहेत का? डोळ्यांच्या ट्रेनिंगची ॲप्स आणि लुकलुकणारे चष्मे विकायला असतात, त्यांचा उपयोग होतो का? कुणाची मुलं खेळत असतील तर कृपया सविस्तर लिहा.

जर्सीकर_बाबा

ताई, माझा मुलगा न्यू जर्सीत खेळतो, गोली (गोलरक्षक) आहे. पहिलं उत्तर कुणीही तेच देईल: वॉल बॉल. भिंतीवर चेंडू मारायचा, परत आलेला झेलायचा. रोज २० मिनिटं. याला पर्याय नाही.

पण "भिंतीवर मार" एवढंच सांगून मुलांना सोडलं की ती १० मिनिटं आवडत्या हाताने मारतात आणि घरात येतात. आमच्याकडे असं चालतं: भिंतीपासून चार-पाच पावलांवर उभं राहायचं. उजवा हात वर ठेवून ५०, डावा वर ठेवून ५०. मग उजव्याने फेकून हात बदलायचा आणि डाव्याने झेलायचा. शेवटी क्विक स्टिक, म्हणजे न झुलवता आला तसा परत. भिंतीवर खडूने तीन चौकोन काढा आणि फेकण्याआधी कोणता ते मोठ्याने म्हणायला लावा. त्याने नजर आधी लक्ष्यावर जाते. मुलं सगळा वेळ स्वतःच्याच स्टिककडे बघत फेकतात, ती सवय याने मोडते.

अजून एक. मुलींच्या स्टिकची जाळी उथळ असते. चेंडू आत ठेवल्यावर त्याचा वरचा भाग कडेच्या वर दिसलाच पाहिजे असा नियम आहे. मुलांच्या खोल जाळीत चेंडू आपोआप बसतो, मुलींना मात्र चेंडू येताना स्टिक थोडी मागे न्यावी लागते, नाहीतर तो उसळून बाहेर. स्लिपमधला क्षेत्ररक्षक हात मागे घेत झेल घेतो, तसंच. तुमच्या लेकीचे पास लागून उसळतात की लागतच नाहीत? दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

चेसापीक_काठ

प्रश्न मोलाचा आहे. आज मुद्दाम मोजलं. उजवीकडचे सुटतात ते उसळून. डावीकडचे आणि उंचावरचे मात्र स्टिकला लागतच नाहीत, कधी वीतभर पुढून जातात, कधी मागून.

मिडविकेट

लॅक्रॉसमधलं मला काही कळत नाही, पण "चेंडूवर नजर ठेव" या सल्ल्यावर लिहायचंच होतं.

मायकेल लँड आणि पीटर मॅकलिओड या संशोधकांनी २००० साली फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. डोक्यावर कॅमेरा, समोर बोलिंग मशीन. दिसलं असं की फलंदाज चेंडूचा सलग पाठलाग करतच नाही. चेंडू सुटतो तिथे नजर असते, मग डोळे एकदम उडी मारतात, टप्पा जिथे पडणार तिथे आधीच जाऊन थांबतात, आणि टप्प्यानंतर पुन्हा थोडा वेळ मागोवा घेतात. चांगल्या फलंदाजाची ही उडी लवकर होते. फरक एवढाच! बेसबॉलमध्ये टेरी बॅहिल यांनी त्याआधीच, १९८४ साली, दाखवलं होतं की जोरात आलेला चेंडू थेट बॅटपर्यंत नजरेने पकडून ठेवणं शक्य नसतं.

म्हणून "बघ, बघ" म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. कधी बघायचं ते शिकवा. फेकणाऱ्या मुलीच्या टोपलीतून चेंडू सुटतो तो क्षण सगळ्यात महत्त्वाचा. तुमची लेक तेव्हा कुठे बघत असते? बहुतेक जण फेकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतात आणि चेंडू निम्म्या वाटेवर आल्यावर त्यांना तो सापडतो.

आणि भिंतीचं म्हणाल तर ब्रॅडमन लहानपणी बोवरलच्या घरी पाण्याच्या टाकीखालच्या विटांच्या चौथऱ्यावर गोल्फचा चेंडू मारायचे, आणि परत येणारा चेंडू बॅटने नाही, स्टंपने खेळायचे. वॉल बॉलच की तो.

दृष्टीपटल

मी पुण्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासून नंबर काढणारी. इथे निदान करत नाही आणि कुणी करूही नये. पण लेकीचं वाक्य, "मी स्टिक नेते तिथे तो नसतो", वाचून थांबले. व्यायाम नंतर. आधी डोळ्यांची पूर्ण तपासणी करून घ्या.

शाळेतला तक्ता वाचला म्हणजे डोळे ठीक, असं नसतं. तो तक्ता दूरचं स्थिर अक्षर किती स्पष्ट दिसतं एवढंच सांगतो. येणारा चेंडू किती लांब आहे हे कळायला दोन्ही डोळ्यांची चित्रं सारखी स्पष्ट हवीत आणि मेंदूने ती जुळवायला हवीत. एका डोळ्याला नंबर आला आणि दुसरा ठणठणीत असला तर मूल तक्रारच करत नाही, कारण चांगला डोळा सगळं वाचून काढतो. बिघडतो तो खोलीचा अंदाज. या वयात उंची वाढते तसा लघुदृष्टीचा नंबरही भराभर वाढू शकतो, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट आज कामाचा नाही.

तपासणीत हे नावाने विचारा: प्रत्येक डोळ्याचा वेगळा नंबर, खोलीची जाणीव, जवळ येणाऱ्या वस्तूवर दोन्ही डोळे एकत्र वळतात का, आणि हलत्या वस्तूचा मागोवा डोळे अडखळत घेतात का.

एका डोळ्यावर खेळताच येत नाही असं मात्र समजू नका. मन्सूर अली खान पतौडी यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी जुलै १९६१ च्या अपघातात जवळपास गेली आणि त्याच डिसेंबरमध्ये ते दिल्लीत पहिली कसोटी खेळले. मेंदू इतर खुणांवरून अंतर ओळखायला शिकतो. पण जो दोष साध्या चष्म्याने जाऊ शकतो, तो मुलीने कष्टाने का भरून काढावा?

ॲप्सबद्दल माझं स्पष्ट मत: पैसे घालवू नका. ॲपवर ठिपके पकडण्याचा सराव केला की ॲपवरचे ठिपके पकडण्यात मूल तरबेज होतं. ब्रूस ॲबरनेथी आणि जोआन वूड या संशोधकांनी २००१ मध्ये असे सर्वसाधारण दृष्टी-व्यायाम तपासले, त्यांचा खेळातल्या कामगिरीवर परिणाम दिसला नाही. डोळे एकत्र वळण्यात खरा दोष असेल तर त्यावर थेरपी आहे आणि ती उपयोगी पडते. पण तो उपचार झाला, खेळाचा सराव नव्हे.

ओंटारियोची_सई

मी स्वतः १२ वर्षं बॉक्स लॅक्रॉस खेळले, आता लहान मुलींना शिकवते. उन्हाळ्यात बर्फ काढलेल्या हॉकीच्या रिंकमध्ये हा खेळ होतो. जागा कमी, गोल बराच लहान, अंगावर माणसं. तिथे झेलायला अर्धा क्षण मिळतो, म्हणून नजर आपसूक तयार होते. कॅनडातली मुलं इतकी चपळ का झेलतात याचं उत्तर मला त्या रिंकमध्येच दिसतं.

मैदानावरचे माझे अनुभव लिहिते, नियम समजू नका.

झेलताना डोकं स्थिर हवं. धावताना डोकं वरखाली होतं आणि त्याबरोबर चित्रही हलतं. चेंडू पोचण्याआधीची दोन पावलं छोटी, गुडघे वाकलेले. मी मुलींना नुसतं "हळू पावलं" म्हणते, आणि निम्मे सुटणारे झेल तिथेच बसतात.

दुसरं, मान. डावीकडून पास येत असताना बऱ्याच मुली खांदे तसेच ठेवून फक्त डोळे कोपऱ्यात नेतात. नाक चेंडूकडे वळलं पाहिजे. तसं न झाल्यास एका डोळ्याच्या आड स्वतःचंच नाक येतं, शिवाय गॉगलची कड. अमेरिकेत मुलींच्या खेळात २००५ च्या सुमारास गॉगल सक्तीचा झाला. ते चांगलंच झालं, पण घट्ट न बसणारा गॉगल नजर कापतो. तो घालूनच सराव करा. घरी गॉगलशिवाय आणि सामन्यात गॉगलसह, असं नको.

तिसरं म्हणजे एक खेळ, तो आमच्या मुलींना फार आवडतो. चार चेंडूंवर मार्करने लाल, निळा, हिरवा, काळा असे मोठे ठिपके काढते. मी फेकते, झेलायच्या आत रंग ओरडायचा. रंग सांगायचा म्हणजे सुटल्यापासून बघावंच लागतं. रंग चुकला तर झेल मोजत नाही. लहान मुलींबरोबर टेनिस चेंडू, आणि आधी स्टिक न घेता नुसत्या हाताने. स्टिक म्हणजे लांब झालेला हात. हातालाच चेंडू सापडत नसेल तर दांड्याच्या टोकाला कसा सापडेल?

क्रेडल करताना मान वर राहावी म्हणून एकीला समोर उभी करते. ती बोटं दाखवत राहते, धावणारीने आकडा सांगायचा. खाली जाळीत बघितलं की आकडा हुकतो. पासिंगचे निम्मे प्रश्न खरं तर या खाली बघण्यातून येतात. मैत्रीण मोकळी आहे हे दिसलंच नाही, तर पास कुठून देणार?

सिरॅक्यूज_ते_सांगली

वरच्या चर्चेत एक गोष्ट राहून जाऊ नये म्हणून लिहितो. हा खेळ शाळा-कॉलेजांनी किंवा इंग्रजांनी काढलेला नाही. हा मूळचा इथल्या आदिवासी राष्ट्रांचा. मी राहतो त्या न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज शहराला लागूनच ओनोंडागा राष्ट्राची भूमी आहे. हॉडनोशॉनी लोक (ओनोंडागा हे त्यांच्यातलंच एक राष्ट्र) याला निर्मात्याने दिलेला खेळ मानतात, औषध मानतात. कुणाच्या बरं होण्यासाठी खेळला जातो तो. माँट्रियलचे दंतवैद्य विल्यम जॉर्ज बीअर्स यांनी १८६७ मध्ये लिखित नियम केले आणि पुढे त्यांचं नाव मोठं झालं. पण खेळ त्याच्या कितीतरी शतकं आधीचा.

विषयाशी याचा संबंध आहे. तिथे लहान मुलाच्या हाती लाकडी स्टिक येते, अगदी पाळण्यातही ठेवतात. हिकरीचं लाकूड वाफेवर वाकवून केलेली. ओनोंडागाचे प्रसिद्ध कारागीर आल्फी जॅक्स २०२३ मध्ये गेले, त्यांच्या एकेका स्टिकला महिनोन्‌महिने लागायचे. ही स्टिक प्लास्टिकवाल्यापेक्षा जड असते आणि चुकीला माफ करत नाही. चेंडू मऊ हाताने घेतला नाही की बाहेर. लाइल आणि माइल्स थॉम्पसन हे ओनोंडागा भाऊ याच परंपरेतून आले. २०१४ मध्ये अमेरिकन कॉलेज लॅक्रॉसचा टेवाराटन पुरस्कार दोघांना मिळून मिळाला, तो मिळवणारे ते पहिले आदिवासी खेळाडू. दुसऱ्या वर्षी लाइलला एकट्याला. त्याचे पाठीमागून दिलेले पास बघा. तो बघतो एकीकडे, चेंडू जातो दुसरीकडे. ती नजर ॲपमधून येत नाही, लहानपणापासून हातात असलेल्या स्टिकमधून येते.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आणि लॅक्रॉस दोन्ही परत येताहेत. हॉडनोशॉनी संघाला स्वतःच्या झेंड्याखाली खेळता यावं ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

कोल्हापूरची_मावशी

मला या खेळातलं काही माहीत नाही. पण पोरगी गाडीत रडली हे वाचून राहवलं नाही.

बाळा, तिला गजगे शिकव. पुण्याकडचे सागरगोटे म्हणतात. पाच गजगे जमिनीवर टाकायचे, एक वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचा एक उचलायचा आणि वरचा झेलायचा, सगळं एकाच हाताने. मग दोन-दोन, तीन-एक, शेवटी चारही एकदम. आम्ही दुपारभर खेळायचो. यात नजर उडवलेल्यावर असते आणि हात खाली आपोआप जातो. कुठे काय पडलंय ते उडवायच्या आधीच बघून ठेवायचं असतं. ही सई म्हणते ना की जाळीत बघायचं नाही, तेच हे.

डाव्या हातानेही खेळायला लाव. आमच्यात एक डावखुरी होती, तिला कुणी हरवू शकायचं नाही.

ओंटारियोची_सई

मावशी, हे मी उद्याच मुलींना शिकवणार आहे. जमिनीवरचा चेंडू उचलताना अगदी हेच हवं असतं: आजूबाजूला कोण येतंय ते आधी टिपून ठेवायचं, चेंडू उचलायचा आणि लगेच मान वर.

मिडविकेट

@दृष्टीपटल, लुकलुकणाऱ्या चष्म्यांबद्दल मात्र मी इतका ठाम नसेन. काच मधूनमधून काळी होते, चेंडू तुकड्यातुकड्याने दिसतो, म्हणून मेंदूला पुढचा अंदाज बांधावा लागतो. खऱ्या चेंडूबरोबरच वापरतात ना ते, ॲपसारखं वेगळं काही नाही. माझ्या ओळखीच्या क्लबमधल्या यष्टिरक्षकाला फरक जाणवला.

दृष्टीपटल

खऱ्या चेंडूबरोबर वापरतात, हा तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि म्हणूनच ते ॲपपेक्षा बरे. पण आतापर्यंतचे प्रयोग थोड्या खेळाडूंवरचे आहेत, आणि त्या चष्म्यांची किंमत पाहता १३ वर्षांच्या मुलीसाठी मी सुचवणार नाही. तो परिणाम फुकट हवा असेल तर कुणीतरी मध्ये उभं राहून फेकणाऱ्याला क्षणभर झाकायचं. चेंडू उशिरा दिसतो. गोलीसाठी हा उत्तम सराव आहे.

जर्सीकर_बाबा

आम्ही हे करतो! गोलीसमोर दोन मुलं उभी करायची आणि त्यांच्या मधून शॉट, टेनिस चेंडूने.

गोलीचं गणित वेगळंच असतं. ताशी १३० किलोमीटरने १० मीटरवरून चेंडू आला तर ०.२८ सेकंदात पोचतो. दिसल्यावर शरीर हलायला सुरुवात व्हायलाच ०.२ सेकंद जातात. म्हणजे चेंडू बघून ठरवायला वेळच उरत नाही, सुटण्याआधी फेकणाऱ्याच्या स्टिकवरून ओळखायचं. मुलगा पूर्वी शूटरच्या डोळ्यांकडे बघायचा आणि फसायचा. आता तो फक्त टोपलीकडे बघतो, ती किती उंच आहे आणि कुठल्या कोनात आहे. जमिनीवर आपटून येणाऱ्या शॉटला मात्र मिडविकेट म्हणतात तशीच टप्प्यावर उडी.

एक कळकळीची विनंती सगळ्या पालकांना. डोक्याला मार लागल्यावर मूल "ठीक आहे" म्हणालं तरी लगेच खेळवू नका. मागच्या वर्षी मुलाला कन्कशन (डोक्याला मार लागून मेंदूला बसलेला धक्का) झालं, डोकेदुखी थांबल्यावरही काही दिवस त्याला हलता चेंडू नीट धरता येत नव्हता. डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने परत उतरवलं.

चेसापीक_काठ

पाच आठवड्यांनी येतेय, उशीर झाला त्याबद्दल क्षमा.

दृष्टीपटल, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. तपासणी झाली. उजवा डोळा जवळपास ठीक, डाव्याला उणे १.७५. दोन वर्षांपूर्वी दोन्ही ठीक होते, म्हणून मी निश्चिंत होते. खोलीच्या जाणिवेची चाचणीही तिला नीट जमली नाही. डोळे एकत्र वळण्यात दोष नाही. आता सामन्यात कॉन्टॅक्ट लेन्स, घरी चष्मा. लेन्स लावून पहिल्यांदा अंगणात गेली तेव्हा झाडाकडे बघत म्हणाली, "आई, फांद्या पुढे-मागे आहेत!" मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

लेन्स लावल्या आणि सगळे झेल बसले, असं मात्र झालं नाही. पहिला आठवडा उलट वाईट गेला, जुन्या अंदाजाने हात जायचा आणि चेंडू दुसरीकडे. मग सईच्या रंगीत ठिपक्यांपासून सुरुवात केली, नुसत्या हाताने, मग स्टिकने. भिंत शेजाऱ्यांना लागून असल्यामुळे धडधड ऐकू जायची, म्हणून परत उसळवणारी जाळी आणली आणि संध्याकाळी सातनंतर बंद. डावा हात वर ठेवून ५० पैकी आधी २२ यायचे, काल ३९ आले. उंच पास अजून कच्चे आहेत. पावलं छोटी करायला ती विसरते, मी बाजूने ओरडायचं नाही असं आमचं ठरलंय.

प्रशिक्षकांना रिपोर्ट दाखवला. त्यांनी लेकीला बाजूला घेऊन स्वतः सॉरी म्हटलं. मला त्याचं फार बरं वाटलं.

मावशी, गजगे इथल्या इंडियन दुकानात मिळाले नाहीत, म्हणून नदीकाठचे गोल खडे वेचले. चारही एकदम उचलणं तिला अजून जमत नाही. उडवलेला खडा फार उंच जातो आणि हातावर आपटतो. काय चुकतंय?

कोल्हापूरची_मावशी

खडे जड पडतात ग. गजगे हलके असतात, गुळगुळीत असतात, हाताला लागत नाहीत. आणि उंच उडवू नकोस म्हणावं, कपाळाच्या वर नको. उंच गेला की मान वर जाते आणि खालचे दिसेनासे होतात. आधी चारही जवळजवळ पडतील असे टाकायला शिकव, टाकण्यातच अर्धा डाव असतो. माझी भाची मे महिन्यात व्हर्जिनियाला येतेय, तिच्याबरोबर दोन संच पाठवते. पत्ता निरोपातून कळव.